गुडघ्याखाली एक मूठ

त्याला खुंटी म्हणत. खरं नाव होतं, नाही असं नाही, पण ते पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. एरवी हॉस्पिटलच्या गेटवरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे खुंटीच म्हणायचे, आणि तोही मुकाट्यानं ओ द्यायचा.

नाव पडलं ते कामावरून. हाडांच्या हॉस्पिटलात ऑपरेशन चालू असताना कुणाला तरी रोग्याचा पाय धरून उभं राहावं लागतं. रोगी भुलीत झोपलेला, पाय ओंडक्यासारखा जड, आणि डॉक्टर सांगतील तेवढाच वाकवून तो धरायचा. आता तुम्ही म्हणाल, पाय धरायला कसली आलीय अक्कल? धरून बघा एकदा! जरा वेळानं खांदा भरून येतो, मनगट थरथरायला लागतं, आणि नेमकी तेव्हाच नाकाला खाज सुटते. नवशिके मदतनीस सारखे हात बदलायचे आणि मोठ्या डॉक्टरांच्या शिव्या खायचे. याच्या हातात दिलेला पाय मात्र खुंटीला अडकवल्यासारखा राहायचा. सिस्टर चेष्टा करायच्या, "जन्मभर एवढ्या लोकांचे पाय धरलेत, तरी बढती काही मिळाली नाही हो तुम्हाला!" तो मास्कच्या आड हसायचा. हसतानाही हात हलत नसे.

मोठ्या डॉक्टरांचं नाव होतं गुडघ्यासाठी. खेळताना, पडताना गुडघ्याच्या आतला, वरखालची हाडं बांधून ठेवणारा लिगामेंट तुटला की माणसं लांबून त्यांच्याकडे यायची. तुटलेला लिगामेंट काही शिवून भागत नाही. मांडीच्या मागच्या स्नायूची एक चिवट दोरी काढायची, दुमडून तिला टाके घालायचे, वरखालच्या हाडांना भोकं पाडून त्यातून ओवायची. वरचं टोक आधी पक्कं करायचं. मग खालचं टोक ताणून धरायचं आणि स्क्रू पिळायचा. सगळी मेख त्या ताणण्यात. दोरी सैल राहिली तर गुडघा घसरत राहणार, फार ताणली तर जखडणार. खुंटीची बायको घरी शिलाईकाम करायची, तिला त्यानं एकदा हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझ्या मशीनच्या पट्ट्यासारखंच की! ढिला पडला तर चाक फिरत नाही, घट्ट झाला तर पायडल हलत नाही." त्यानं डॉक्टरांना हे सांगितलं, तर डॉक्टरांना इतकं आवडलं की पुढं ते शिकाऊ पोरांना मशीनच्या पट्ट्याचाच दाखला द्यायला लागले.

दोरी ताणताना गुडघा किती वाकलेला आहे, हेही तितकंच महत्त्वाचं. फार वाकवून पक्की केली तर पाय पुढं सरळच होत नाही. मोजायची साधनं कपाटात होती, पण मोठे डॉक्टर जुन्या वळणाचे. त्यांचं माप म्हणजे खुंटीची मूठ. एका हातानं त्यानं घोटा धरायचा आणि दुसऱ्या हाताची मूठ गुडघ्याखाली टेबलावर आडवी ठेवायची. त्या मुठीवर गुडघा टेकला की झालं. डॉक्टर दोरी ताणून, नजर दुर्बिणीच्या पडद्यावरून न काढता विचारायचे, "मूठ?" आणि तो सांगायचा, "मूठ." की स्क्रू आत. तिसरा शब्द नाही. एवढी वर्षं दोघांचं असंच चाललं होतं, आणि माणसं आपल्या पायांनी चालत, उड्या मारत घरी जात होती.

त्याच्या घरी तीनच माणसं: तो, बायको आणि एकुलती एक लेक. लेकीला आई म्हणायची नाकतोडी. चालायला लागली तेव्हापासून ही पोर सरळ चाललेली कुणी पाहिली नव्हती. जिन्याच्या पायऱ्या तिला उतरायच्या नसायच्या, त्यांवरून उडी मारायची असायची. अशाच एका उडीत नडगी फुटली होती, तिचा चंद्रकोरीसारखा वण गुडघ्याच्या जरा खाली कायम राहिला. शाळेत एका मास्तरांनी तिला लांब उडीच्या वाळूवर नेलं, आणि मग काय विचारता! घरात वाळू, बुटात वाळू, अंथरुणात वाळू. आई झाडता झाडता वैतागायची, "अगं, समुद्रच घेऊन ये ना एकदाचा!" पण पोर स्पर्धेला निघाली की तिच्या पाठीवरचा आकडा शिवायला दुसऱ्या कुणाला द्यायची नाही.

मोठ्या संघाची निवड तोंडावर आली असताना ती एका उडीत वेडीवाकडी उतरली. आतून टक् असा आवाज आला म्हणे. गुडघा हा हा म्हणता सुजून भोपळा झाला. मोठ्या डॉक्टरांनी पाय हातात घेतला, नडगी जरा पुढं ओढून बघितली आणि म्हणाले, "तुटलाय. पण घाबरू नकोस. नवा बसवू. मन लावून व्यायाम केलास तर पुढच्या निवडीला उडी मारशील."

सूज उतरेपर्यंत ऑपरेशन करता येत नाही. तोवर पोर घरी पडून. पाय सरळ केला की किंचाळायची. खुंटी कामावरून आला की भिंतीला टेकून बसायचा, तिचा पाय मांडीवर घ्यायचा आणि गुडघ्याखाली हात घालून जरासा उचलून धरायचा. तेवढं केलं की तिचा चेहरा सैल व्हायचा. "बाबा, तुमच्या हातात दुखत नाही," ती म्हणायची. बापाला आणखी काय पाहिजे? हात भरून आला तरी तो उठायचा नाही. त्याच्या हाताला त्या दिवसांत तेवढं एकच ठाऊक झालं होतं: पोर कण्हली की वर उचलायचं.

घरचं माणूस टेबलावर असेल तर आपण थिएटरबाहेर थांबायचं, हा तिथला नियम. चांगला नियम होता, उगाच नव्हता केलेला. पण खुंटीला दुसऱ्या कुणाच्या हातात लेकीचा पाय द्यायला जीव होईना. तो मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेला आणि त्या दिवशी त्यानं डॉक्टरांचेही पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. डॉक्टर म्हणाले, "खुंटी, तुझी लेक आहे ती. हात हलला तर?"

"माझा हात कधी हललाय, साहेब?"

डॉक्टरांनी हो म्हटलं. खरं तर त्यांनाही त्याच्या मुठीशिवाय करमत नव्हतं.

एरवी थिएटरात माणूस दिसतच नाही. सगळं अंग हिरव्या कापडाखाली, उघडा तेवढा गुडघा. कुणाचा का असेना, गुडघा तो गुडघा. त्या दिवशी मात्र कापड बेतानं लावलेलं असूनही काठाशी तो वण दिसत होता. खुंटीनं नजर वळवली. दोरी निघाली, शिवून झाली, हाडांतून ओवून वरचं टोक बसलं. सगळं नेहमीसारखं. मग त्यानं मूठ गुडघ्याखाली आडवी ठेवली आणि डॉक्टरांनी खालचं टोक ताणलं.

ताणताना पाय जरासा ओढला जातो. रोज जातो. भुलीत असलेल्या माणसाला त्याचं काही कळत नाही, हे खुंटीला कळत नव्हतं होय? पण पाय ओढला गेला आणि त्याला आतून 'आई गं' ऐकू आलं. कुणी म्हटलं नव्हतं, तरी आलं. त्याच्या हातानं घरी शिकलेलं काम केलं. आडवी मूठ उभी झाली, आणि टेबलावरून थोडी वरही उचलली गेली. गुडघा हवा त्याहून जास्त वाकला. पडद्याकडे बघत डॉक्टरांनी विचारलं, "मूठ?"

आणि तो म्हणाला, "मूठ."

स्क्रू आत गेला.

त्यानंतर डॉक्टर म्हणाले, "सरळ कर." त्यानं पाय खाली सोडला. टाच टेकली, पण गुडघ्याखाली फट राहिली. डॉक्टरांनी वरून हलकेच दाबलं. फट मिटेना. "जरा अडतंय," ते म्हणाले. "नवी दोरी आहे, व्यायामानं सुटेल." तेव्हासुद्धा वेळ गेली नव्हती, बरं का. स्क्रू काढून पुन्हा ताणता आलं असतं. 'साहेब, माझी मूठ चुकली' एवढंच म्हणायचं होतं. पण ज्या हाताच्या जोरावर नियम मोडून आत आला, तोच हात चुकला हे कोणत्या तोंडानं सांगणार? सुटेल म्हणतायत ना डॉक्टर, मग सुटेल. तो तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिला आणि शिकाऊ डॉक्टर टाके घालायला लागले.

घरी आल्यावर व्यायाम सुरू झाला. शिकवायला फिजिओ बाई यायच्या. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा अधांतरी, आणि तो आपल्या भारानं खाली जाऊ द्यायचा. पोर दात खाऊन करायची. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: काही झालं तरी गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही, पाय वाकलेलाच जखडतो. पण पोर झोपेत कण्हायला लागली की आईला राहवायचं नाही. तिनं आपली उशी, निळ्या फुलांच्या अभ्र्याची, स्वतः शिवलेली, लेकीच्या गुडघ्याखाली सरकवली. जरा वेळ, झोप लागेपर्यंत. मग रोजच.

एकदा बाई आल्या तेव्हा ती उशी तिथंच राहिली होती.

"ही कुणी ठेवली?"

"मीच हो," आई हसत म्हणाली, "लेकराला जरा आराम."

"आराम?" बाई भडकल्या. "तरीच म्हटलं गुडघा सरळ का होत नाही! वाट लावलीत तुम्ही पोरीच्या पायाची. माया करायची ही रीत झाली?"

खुंटी तेव्हा दारात चपला काढत होता. त्यानं बायकोचा चेहरा पाहिला. सगळा रंग उतरला होता. 'नाही बाई, उशी आत्ता आली, फट टेबलावरच राहिली होती' हे शब्द त्याच्या जिभेवर आले. खरंच आले. पण त्यानं दुसरी चप्पल काढली, नीट भिंतीशी लावली आणि हात धुवायला आत गेला.

गुडघा सुटला नाही. बायकोनं उन्हाळा-पावसाळा एक केला, तेल झालं, शेक झाला, बाईंच्या विनवण्या झाल्या. दुसऱ्या एका डॉक्टरांनी दुर्बीण घालून आतलं जखडलेलं थोडं मोकळं केलं, त्यानं जरासा फरक पडला. ते म्हणाले, "दोरी ताठ बसली असेल किंवा मागाहून जखडला असेल, आता कोण सांगणार?" बायकोनं त्यातलं 'मागाहून' तेवढं ऐकलं. निवड आली आणि गेली. बुटातली वाळू झाडून बूट कपाटावर गेले. त्या दिवशी पोर भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि आई जेवायला उठवायला गेली तर एकदम ओरडली, "तुझ्या उशीनं माझा पाय खाल्ला!"

पोरवयात माणूस काय वाटेल ते बोलतं. दोन दिवसांनी ती आईच्या गळ्यात पडून रडली आणि पुढं हे वाक्य विसरूनही गेली. पण आई विसरली नाही. त्या दिवसापासून ती उशीशिवाय झोपायला लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, "मान अवघडते हो उशीनं." निळ्या फुलांचा अभ्रा तिनं उसवला आणि त्याची फडकी केली. शेजारी सपाट गादीवर डोकं टेकून झोपलेली बायको खुंटी रोज बघायचा. एक शब्द टाकला असता तर त्या बाईच्या डोक्याखाली उशी आली असती. तो शब्द त्यानं उद्यावर टाकला, आणि उद्याचं काही खरं असतं का! आधी नोकरीची भीती होती. नंतर लेकीच्या नजरेची. शेवटी तर इतका उशीर झाला की सांगायचीच लाज वाटायला लागली. मोठे डॉक्टर वारले, खुंटी निवृत्त झाला, त्याच्या निरोपसमारंभात जो तो त्याच्या हातांचं कौतुक करत होता. बायको पहिल्या रांगेत बसून पदरानं डोळे टिपत होती. घरी येताना म्हणाली, "तुमच्यासारखा हात कुणाचा नाही म्हणतात." त्याला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेक तिकिटाच्या खिडकीवर कामाला लागली. बसून करायचं काम. तिथं तिनं हसून-खेळून सगळ्यांना आपलंसं केलं. कुणी पायाबद्दल विचारलंच तर म्हणायची, "नाकतोड्याचा पाय आहे, वाकडाच असायचा." लग्न केलं नाही. का, ते तिलाच ठाऊक. सुट्टीच्या दिवशी ती जमिनीवर आडवी होऊन वर्तमानपत्र वाचायची तेव्हा तिच्या उजव्या गुडघ्याखाली फट दिसायची. खुंटीची उभी मूठ तिथं बरोबर मावली असती. तो उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचा.

मग बायकोच्या हृदयानं दगा दिला. आडवं झालं की धाप लागायची, छातीत पाणी भरायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि ठणकावून सांगितलं, "डोकं उंच ठेवून झोपायचं. दोन उशा घ्या, तीन घ्या, पण सपाट झोपायचं नाही." लेकीनं त्याच दिवशी मऊ मऊ उशा आणल्या. आई म्हणाली, "मला सवय नाही गं." लेक रागावली, रडकुंडीला आली, तरी आई ढिम्म. बसून बसून थकली की सपाट पडायची, आणि पाण्यातून काढलेल्या माशासारखी तडफडायची. डॉक्टर म्हणाले, "असा हट्ट केला तर फार दिवस काढणार नाहीत."

आता मात्र पळायला वाटच उरली नाही.

एका दुपारी, लेक कामावर असताना, खुंटी तिच्याजवळ येऊन बसला. हातात उशी.

"अगं, घे ना डोक्याखाली."

"सवय मोडलीय हो माझी."

"सवय नाही. तू कशापायी उशी सोडलीस, ते मला ठाऊक आहे."

मग त्यानं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. दोरी ताणली तेव्हा आडवी मूठ उभी कशी झाली, तरी आपण 'मूठ' कसं म्हणालो, टेबलावरच फट कशी राहिली, डॉक्टर 'अडतंय' म्हणाले तेव्हा आपण कसे गप्प बसलो. "तुझी उशी मागून आली. पाय आधीच गेला होता. मी घालवला. तू उगाच भोगलंस एवढी वर्षं, आणि मी बघत राहिलो."

तो थांबला. आता ती काय म्हणेल? शिव्या घालेल, तोंड फिरवेल, चालता हो म्हणता येत नाही म्हणून चालते व्हा म्हणेल. त्याची सगळ्याला तयारी होती. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिच्या सुकलेल्या तोंडावर हसू आलं.

"किती दिवस जुळवत होतात हो हे?"

"जुळवत? अगं, खरं सांगतोय!"

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही. हात बघा कसा थरथरतोय तुमचा." तिनं त्याचा हात आपल्या हातात घेतला. "जगाचे पाय धरलेत, कधी हलला नाही हा हात. अख्खं हॉस्पिटल सांगतं. आणि नेमका पोटच्या पोरीच्या वेळी हलेल होय? माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून स्वतःच्या हाताला नावं ठेवायला निघालात. काय म्हणावं तुम्हाला!"

"पोरीची शपथ घेऊन सांगतो..."

तिनं घाईघाईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "गप! माझ्यासाठी पोरीची खोटी शपथ घ्याल?" तेवढ्यानंच तिला धाप लागली. श्वास वर येईना. तो उशी पुढं सरकवायला गेला, तिनं मान हलवली. नाही म्हणजे नाही. मग त्यानं उशी बाजूला टाकली, तिच्या मानेखाली हात घातला आणि तिचं डोकं, खांदे अलगद उचलून धरले. याला ती नाही म्हणाली नाही. हळूहळू छातीतली घरघर कमी झाली, श्वास ताळ्यावर आला.

"एवढं म्हणालात ना," ती डोळे मिटून म्हणाली, "त्यातच सगळं आलं. फार भाग्याची मी."

खुंटीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता.

ऊन उतरलं तसा जिन्यावर पावलांचा आवाज आला. एक पाऊल नीट, एक फरफटत. एक नीट, एक फरफटत. बायकोनं डोळे उघडले.

"ऐकलंत? माझं पाप जिना चढतंय." मग त्याची बाही पकडून घाईघाईनं म्हणाली, "तिला यातलं काही बोलू नका हं. भोळी आहे पोर, खरं मानेल. उगाच तिची तुमच्यावरची माया जाईल. वचन द्या मला."

त्यानं वचन दिलं. दुसरं काय करणार होता?

लेक आत आली, पर्स भिंतीवरच्या खुंटीला अडकवली आणि दोघांकडे बघून म्हणाली, "अहो बाबा, कधीपासून धरून बसलाय? हात भरून येईल. उशी द्या की तिला."

"राहू दे," आई म्हणाली. "यांचा हात नाही दमत."

लेक हसली आणि पाय ओढत चहा ठेवायला आत गेली. खुंटी हात तसाच धरून बसून राहिला.